पहिला मुक्काम वेशीबाहेर

घर बघायला गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत दोन सूटकेस जमिनीवर उघड्या पडल्या होत्या. एकीत एक तांबूस कुत्रा झोपला होता आणि दुसरीत कांदे पसरले होते. मला वाटलं, मंडळी कुठे तरी निघाली असावीत. म्हणून मी दारातूनच म्हटलं, "तुम्ही गावाला निघालात वाटतं. मी नंतर येते."

"कुठे? आम्ही तर कुठेच जात नाही," घरमालक म्हणाले आणि सूटकेसमधला एक कोंब आलेला कांदा निवडून त्यांनी बाजूला ठेवला.

माझी ग्वाल्हेरला बदली झाली होती. मी सांगलीची, एकटी, आणि सोबत साय नावाची पांढरी मांजर. दाना ओलीत, म्हणजे याच वस्तीत, दोन ठिकाणी मांजर म्हटल्याबरोबर मला वाटेला लावलं होतं. या घरी उलटाच प्रकार. माझी नोकरी काय, मी कुठली, भाडं परवडेल का, यातलं काही विचारायच्या आधी घरमालक काकांनी विचारलं, "मांजर आली कशी? गाडीत रडली?"

"सगळा वेळ."

"टोपली तिला कधी दाखवली होतीस?"

"निघताना."

काकांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलंस का? निघताना!" आतून काकूंचा आवाज आला, "मग काय, सगळे निघतानाच दाखवतात." मला काहीच कळलं नाही, पण आपल्या हातून काही तरी अमानुष घडलंय हे मात्र समजलं. वरची खोली मला मिळाली. माझं नाव काकांनी त्यानंतर चारेक दिवसांनी विचारलं. सायचं तोवर तोंडपाठ झालं होतं.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला आवळ्याचं तेल इतकं की जिन्यावर आधी तेल वर यायचं आणि मग ते. दुपारी झोपायला त्यांना स्वतःची एक चपटी, दगडासारखी उशी लागायची. थंडीत ती काखोटीला मारून ते गच्चीवर उन्हात जायचे, उन्हाळ्यात तीच उशी घेऊन खालच्या खोलीत फरशीवर. दुसऱ्या उशीवर मान ठेवली तर मानेला राग येतो, असं म्हणायचे. सदऱ्याच्या एका खिशात पट्टा आणि दुसऱ्यात बिस्किटांचा चुरा.

त्यांचा उद्योग असा, की सुट्ट्यांत गावाला जाणाऱ्या लोकांची कुत्री-मांजरं ते प्रवासासाठी तयार करून देत. हौस म्हणून, आणि काही घेत नसत. लग्नसराई, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी जवळ आली की घरात कुणी ना कुणी जनावर घेऊन बसलेलं असायचं. सूटकेस उघड्या का, तेही मला लवकरच कळलं. लोक बॅगा माळ्यावरून काढतात ते अगदी आदल्या दिवशी, आणि बॅग दिसली की जनावर ओळखतं, आता काही तरी वाईट होणार. म्हणून बॅग रोजच्या बघण्यातली हवी. "रोज दिसणाऱ्या गोष्टीला कोण थोडीच घाबरतं?" काका म्हणायचे. हे सगळं ठीक होतं. पण ज्यांच्या बॅगा बारा महिने उघड्या, ते स्वतः स्टेशनचं तोंडही बघत नाहीत, हे मला सारखं खटकायचं.

सायचं शिक्षण दिवाळीच्या आधी सुरू झालं. आईकडे जायचं होतं. पहिले काही दिवस टोपली माझ्या खोलीत झाकण काढून नुसती ठेवायची. टोपलीत तिचं नेहमीचं गोणपाट. तिच्याकडे बघायचं नाही, तिला उचलून आत घालायचं नाही, "जा ना गं आत" असं तर मुळीच म्हणायचं नाही. मग जेवणाची वाटी टोपलीजवळ, मग टोपलीत. एके दिवशी ऑफिसातून आले तर बाई टोपलीत पाय पसरून झोपलेल्या. मी आनंदाने खाली सांगायला पळाले, तर काका म्हणाले, "गवगवा करू नको. काही झालंच नाही असं वाग."

मग मुक्काम सुरू झाले. काकांचे पूर्वज साताऱ्याकडून फौजेबरोबर आलेले, घोड्यांच्या पागेवर. घरात ऐकत आलेली एक गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. फौज लांबच्या मोहिमेवर निघाली की पहिला मुक्काम वेशीच्या बाहेरच पडायचा. इतका जवळ, की घरच्या चुलीचा धूर दिसावा. कुणाचं काही विसरलं तर पळत जाऊन आणता येई, आणि घोड्यांना कळे की निघालो आहोत, पण जग काही बुडालेलं नाही. "पहिल्याच दिवशी दिल्ली थोडीच गाठायची असते, बेटा? पहिला मुक्काम वेशीबाहेर." खरंखोटं देव जाणे, पण सांगताना त्यांचा आवाज असा लागायचा की शंका घ्यायची हिंमत होत नसे.

तर सायचा पहिला मुक्काम जिन्यात. टोपलीत बसवून तिला जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचं, मी शेजारी बसून भाजी निवडायची, आणि परत वर. दुसरा मुक्काम खाली काकूंच्या स्वयंपाकघरात. तिसरा ई-रिक्षातून दाल बाजार. तिथे पोती उतरवण्याचे धपाधप आवाज, हातगाड्या, हॉर्न, आणि त्या सगळ्यात काका मांडीवर टोपली घेऊन रिक्षात स्वस्थ बसलेले. टोपलीवर माझी वापरलेली ओढणी. साय एकदा ओरडली तशी मी लगेच "अगं बाई, घाबरलं का माझं सोनं" सुरू केलं. काकांनी मला हाताने थांबवलं.

"लाड करायचा तर रोज कर. निघतानाच करून राहिलीस तर तिला वाटणार, आता आपलं काही खरं नाही."

मला राग आला. मांजर माझी, आणि मी बोलायचंही नाही. पण गप्प बसले, आणि ती पण बसली.

त्यांचा आणखी एक नियम होता. जनावर पोचायच्या आधी त्याचा वास पोचला पाहिजे. म्हणून सायच्या दोन गोणपाटांपैकी एक, न झटकता, न धुता, मी कुरियरने सांगलीला पाठवलं. प्रवास इतका छान झाला की डब्यातल्या लोकांना भोपाळपर्यंत पत्ताच नव्हता की टोपलीत मांजर आहे. तिचं पोट हलकं ठेवून निघाले होते, वाटेत ग्वाल्हेरचंच पाणी, सगळं काकांच्या शिस्तीत. घरी पोचून टोपली उघडली. साय बाहेर आली, खोलीभर हुंगली आणि जी कपाटामागे गेली ती दोन दिवस निघाली नाही.

"गोणपाट कुठंय?" मी आईला विचारलं.

"वाळतंय की गच्चीवर. सोड्यात भिजत घातलं होतं रात्रभर. केस म्हणजे किती गं! दिवाळीचं घर धुऊन-पुसून काढलेलं, त्यात असली वस्तू तशीच ठेवायची व्हय?"

दिवाळीच्या तोंडावर मराठी घरात मळकी वस्तू पाठवणं आणि ती तशीच राहील अशी आशा धरणं, हा काकांच्या शास्त्रातला मोठाच खड्डा होता. परत आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत नुसते बसून राहिले. "धुतलं?" म्हणाले. "सोड्यात?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे तर आमच्या आईकडचं प्रस्थानच झालं की. मुहूर्त आज आणि निघणं परवा असलं, की आज आपलं एखादं उपरणं, एखादी सुपारी शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो असं धरायचं. मांजरीचं प्रस्थान हिच्या आईनं धुऊन टाकलं, तर मांजर पोचलीच नाही ना."

काकांनी तो शब्द लगेच उचलला. पुढे येणाऱ्या सगळ्यांना ते "प्रस्थान पाठवलं का?" असं विचारू लागले, जणू तो त्यांच्याच पागेतला शब्द. काकू नुसत्या कपबशा उचलून आत जायच्या. त्यांची ती पद्धतच होती.

स्टेशनजवळच्या पडाव भागातल्या एका हॉटेलवाल्यांचं प्रकरण मात्र मी जन्मात विसरणार नाही. त्यांचा गलेलठ्ठ लॅब्रेडोर गाडीत बसला की ओकायचा, आणि उन्हाळ्यात त्यांना मनालीला जायचं होतं. डॉक्टरला दाखवून झालं होतं, कुत्रा ठणठणीत. काकांनी त्यांची गाडी आमच्या गल्लीत लावायला सांगितली. इंजिन बंद. नवरा-बायको पुढे, कुत्रा मागे, आणि संध्याकाळचं खाणं रोज तिथेच, गाडीत बसून. गल्लीला फुकटचा तमाशा झाला. लोक खिडक्यांतून, ओट्यांवरून बघायचे. काका बाजूला वेताचा मोडा टाकून बसायचे आणि आतलं ऐकायचे.

आठवडा झाला तशा त्या बाई वैतागल्या. काच खाली करून म्हणाल्या, "अंकल जी, ये कब तक चलेगा?"

"जब तक आप दोनों गाड़ी में लड़ना बंद नहीं करेंगे."

ओट्यांवरची माणसं पुढे सरकली. काका शांतपणे सांगत होते, "मैं रोज सुन रहा हूँ. गाड़ी में बैठते ही आप लोग शुरू. इधर से चलो, उधर से क्यों लिया, तुम्हारी माँ, मेरा भाई. कुत्ते को गाड़ी से कुछ नहीं होता. उसको आप लोगों से होता है." त्यावर काच वर गेली. मला वाटलं, हे लोक पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. पण मनालीहून त्यांनी कुत्र्याचा बर्फातला फोटो पाठवला. कुत्रा ओकला नव्हता. ते दोघे बोलत होते की नाही, हे फोटोवरून कळत नव्हतं.

अशी सगळ्यांची कुत्री-मांजरं मार्गाला लागत होती आणि घरचा गबरू, तो सूटकेसमधला तांबूस कुत्रा, दाना ओलीच्या बाहेर गेलेला नव्हता. काका-काकूंची एकुलती लेक पुण्यात. दर दिवाळीला ती म्हणायची, "आई, या वर्षी तरी या." दर दिवाळीला काकू विचारायच्या आणि काका गबरूकडे बघून म्हणायचे, "अजून तयार नाही." मग लेकच दोन दिवस धावतपळत येऊन जायची, कधी तेही जमायचं नाही. मांजरीला जिन्यात बसवून शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचा कुत्रा तयार करता येऊ नये?

एका दुपारी मी काकूंना हे विचारून टाकलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटता लाटताच त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी, लेक लहान असताना, ते तिघे इंदूरला लग्नाला गेले होते. तेव्हाचा कुत्रा शेजारी ठेवून. कुत्र्याने पहिल्याच दिवशी दोर तोडला आणि यांच्या टांग्याच्या वाटेने गेला. पडावावर स्टेशनच्या बाजूला त्याला कुणी तरी पाहिलं, तेवढंच. परत आल्यावर काका महिनाभर ऑफिस सुटलं की पडावावर हिंडले. हॉटेलांच्या मागे, मालाच्या गोदामांत, टांगेवाल्यांना विचारत. मिळाला नाही.

"तेव्हापासून हे पडावावर गेले नाहीत. आणि गाव सोडून तर कुठेच नाही. लोकांनी जनावर मागे ठेवू नये म्हणून हा सगळा खटाटोप. चांगलंच आहे." काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "पण मला लेकीच्या घरात एकदा दिवाळीची आंघोळ करायची आहे गं. माझे गुडघे असे. अजून किती दिवस जिने चढवतील?"

त्यांनी ते अगदी साधेपणाने म्हटलं. मला काकांचा रागही आला आणि त्यांची कीवही आली.

त्याच सुमारास काकांनी एक प्रयोग केला. टोपलीतल्या मांजरीला नेमकं काय वाटतं हे समजून घ्यायला ते डोक्यावरून घोंगडी घेऊन शेअरच्या टेम्पोत बसले. मला सोबत नेलं होतं, सांभाळायला. शेजारच्या बाई मला हळूच विचारू लागल्या, "अस्पताल ले जा रही हो? क्या हुआ इनको?" मी म्हटलं, "कुछ नहीं, मांजर... बिल्ली का देख रहे हैं." त्यावर त्या बाई जरा लांब सरकल्या. मला हसू आवरेना. पण घरी आल्यावर घोंगडी काढली तर काकांचा चेहरा पांढरा पडलेला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "आवाजाचं काही नाही, बेटा. कुठे चाललोय ते कळत नाही आणि परत यायला मिळणार की नाही तेही कळत नाही. ते फार वाईट आहे." काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

नवरात्र संपलं आणि काकूंनी जाहीर केलं, "या दिवाळीला गबरूला तयार करा. झाला तर पुण्याला जाऊ, नाही झाला तर नाही. मी एक शब्द बोलणार नाही." काकांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. ते म्हणाले, "बघू. कुत्र्यावर आहे."

मुक्काम काकूंनी ठरवले. पहिला वेशीबाहेर, म्हणजे दाल बाजारच्या तोंडाशी. मुगाची डाळ घ्यायची आणि परत. गबरू शेपटी हलवत गेला, हलवत आला. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. तोही झाला. मग एका रविवारी काकू म्हणाल्या, "आज पडाव." काकांनी पट्टा हातात घेतला आणि नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "ऊन फार आहे." काकूंनी आभाळाकडे बघितलंही नाही. "रिक्षा बोलावली आहे," म्हणाल्या.

मीही गेले होते. पडावावर एका चहाच्या टपरीच्या बाकावर आम्ही बसलो. रिक्षावाले ओरडत होते, हॉटेलांची माणसं प्रवाशांच्या बॅगांना हात घालत होती. गबरू काकांच्या पायाशी आडवा झाला आणि डोळे मिटून घेतले. काका मात्र प्रत्येक गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. एखादं मरतुकडं कुत्रं दिसलं की त्यांची मान तिकडे वळायची. त्या हरवलेल्या कुत्र्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तो आता कसा दिसेल? पण मान वळायचीच. हातातला चहा हिंदकळून धोतरावर सांडला.

"चला," ते म्हणाले, "गबरू थकला."

गबरू घोरत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हो, थकला," त्या म्हणाल्या. "उद्या परत येऊ."

आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. काकू त्यांच्याशी तिथे लेकीचं बोलायच्या नाहीत, पुण्याचं नाही, "घाबरू नका" असंही नाही. डाळीचे भाव, शेजारची भांडणं, रोजचंच. असं होता होता एके दिवशी काकांनी चहाचा अख्खा कप संपवला आणि म्हणाले, "इथला चहा पहिल्यापेक्षा बरा झालाय." त्यानंतर स्टेशन. आधी बाहेरून, मग फलाटावरच्या बाकावर. काका प्रत्येक वेळी घरी येऊन मला गबरूची प्रगती सांगायचे. "आज गबरू कमी घाबरला." मी हो हो म्हणायचे.

कुत्र्याला घेऊन जायचं तर रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे लागतो आणि तो मिळणार की नाही हे अगदी शेवटी कळतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, गबरूची गोधडी, पाण्याचे कॅन, सगळं बघायचं काम माझ्याकडे आणि काकूंकडे. गोधडी पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर आधीच गेली होती. त्याच सुमारास काकांची उशी नाहीशी झाली. काकू म्हणाल्या, पिंजाऱ्याकडे दिली आहे, कापूस पिंजायला. काकांनी घर डोक्यावर घेतलं. आत्ताच का, पिंजाऱ्याला घाई कसली, मानेचं काय होणार. काकूंनी आणून दिलेली नवी मऊ उशी त्यांनी कुत्र्याला दिली आणि स्वतः टॉवेलची गुंडाळी घेऊन झोपू लागले.

निघायच्या दिवशी कूपे मिळाला. काकूंनी सगळ्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली, गबरूच्या पुढेही. सूटकेसमधले कांदे पोत्यात गेले आणि इतक्या वर्षांनी त्या सूटकेसमध्ये पहिल्यांदा कपडे भरले गेले. मीही स्टेशनवर सोडायला गेले. गाडी आली, गबरू उडी मारून आत गेला. काका दरवाजात एक पाय ठेवून थांबले. मागे वळून त्यांनी फलाटाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मी घाबरले. आता म्हणतील, गबरू तयार नाही. काकू आधीच आत जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी मुळीच हाक मारली नाही. काकांनी दुसरा पाय उचलला. गाडी सुटल्यावर बंद काचेआडून ते मला हाताने काही तरी विचारत होते. मी ओळखलं आणि ओरडून सांगितलं, "पाणी ठेवलंय! निळ्या कॅनमध्ये!" ऐकू गेलं असणं शक्यच नव्हतं, पण त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता.

"पोचलो बरं का सुखरूप. गबरूची गोधडी लेकीनं मशीनमध्ये धुऊन टाकली होती. सांगायचंच विसरले मी. पण त्याला काही फरक पडला नाही. आला, बाल्कनीत गेला, आडवा झाला."

"आणि काका?"

"ते अवघडून बसले होते. दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे. मी म्हटलं, जरा आत जाऊन पडा. गेले, तर पलंगावर त्यांची उशी."

"पिंजाऱ्याकडे होती ना?"

"कुठला पिंजारी? गोधडीबरोबरच पाठवली होती. लेकीला मी रोज फोन करून सांगत होते, ती उशी धुवू नकोस, तिचा अभ्राही बदलू नकोस. तेलकट आहे म्हणून ती नाक मुरडून राहिली होती. हे उशी हातात घेऊन उभे राहिले बघ. उलटीसुलटी करून पाहिली. नाकाशी धरली. मग मला विचारलं, प्रस्थान गबरूचं ठेवलं होतंस ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, गबरू तर पहिल्याच दिवशी तयार होता."

मला हसू आलं. मी विचारलं, "मग?"

"मग काय? झोपले. आत्ताच उठून चहा मागून राहिले आहेत."

काकूंनी लेकीच्या घरी दिवाळीची आंघोळ केली. दोन दिवसांसाठी गेलेली मंडळी डिसेंबर लागल्यावर परत आली, ती पुढल्या मे महिन्याचं बोलतच. सूटकेस पुन्हा बैठकीत आल्या, पण एकच उघडी राहिली, गबरूसाठी. दुसरी बंद करून काकांनी स्वतः माळ्यावर टाकली. "लागेल तेव्हा काढू," म्हणाले.

त्याच आठवड्यात गल्लीतलं एक तरुण जोडपं मांजर घेऊन आलं. मी आत स्वयंपाकघरात काकूंना हिरव्या मटारच्या शेंगा सोलू लागत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"काका, आम्हाला ना सुट्टीत नागपूरला जायचंय, दादाकडे," मुलगी सांगत होती. "और ये गाडी में बैठते ही इतना चिल्लाती है की बस."

आता काका विचारणार, टोपली कधी दाखवली. माझ्या ते इतकं सवयीचं झालं होतं की मी मनात म्हणूनही टाकलं. पण काकांनी वेगळंच विचारलं.

"मांजरीचं नंतर बघू. आधी मला सांगा, घरातून निघायला सगळ्यात जास्त कोण घाबरतं?"

दोघं बहुधा एकमेकांकडे बघत असावीत. मग मुलगा अडखळत म्हणाला, "मतलब... आई. आई घाबरते. निघताना सारखी कुलूप बघायला परत जाते. बाबा गेल्यापासून कुठेच गेली नाही ती."

"हां," काका म्हणाले. "मग असं करा. आईची उशी आधी नागपूरला पाठवून द्या."

"उशी?" मुलगी म्हणाली. चांगल्या घरची, मोठ्यांचा मान राखणारी मुलगी. "ठीक आहे काका. आजच अभ्रा धुऊन..."

काकूंच्या मांडीवरचं ताट खाली आलं, शेंगा घरभर झाल्या, आणि आम्ही दोघी आतून एकदमच ओरडलो, "धुऊ नका!"